म्हाताऱ्याची पहिली मिरची

म्हाताऱ्याला गळपट्टी बांधायची कल्पना चष्मेवाल्याची स्वतःची होती, आणि तिचा त्याला अभिमानही होता. गोणपाटाची एक पट्टी त्यानं कुंडीतल्या रोपाच्या बुडाशी गुंडाळली, वर सुतळीची गाठ मारली आणि मागं सरून कौतुकानं बघितलं. सगळं आयुष्य लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात गेलेल्या या माणसाला, आपल्या आईला अजून चांगलं दिसतं, एवढी साधी गोष्ट मात्र सुचली नाही.

"उन्हाळा तोंडावर आला आणि गळपट्टी?" बायकोनं विचारलं.

"बुडाला ऊब राहते."

"कालपर्यंत लागत नव्हती ती ऊब."

"तू आत जा बघू. चहाचं बघ. येतील ते आता."

म्हातारा म्हणजे मिरचीचं झाड. वडिलांनी शेवटच्या आजारपणाच्या आधी ते बियापासून वाढवलं होतं, आणि ते गेल्यावर या घराला जपावीशी वाटलेली वस्तू ही एवढीच. बाकीचं सगळं तेराव्याच्या आतच वाटून घेऊन झालं होतं.

मिरचीचं रोप थंडीत मरतं. शहाणी माणसं ते मरू देतात आणि पुढच्या वर्षी नवं बी पेरतात. वडिलांना ते पटत नसे. पहिली कडक थंडी पडायच्या आत ते सगळ्या मिरच्या तोडत, झाड छाटून नुसते खालचे फाटे ठेवत, मुळं धुऊन लहान कुंडीत लावत आणि जिन्याच्या खिडकीशी, गार उजेडात ठेवून देत. हिवाळाभर त्याचे काही लाड नाहीत. माती पार सुकली की घोटभर पाणी, बस. बघणाऱ्याला वाटे, काटकी आहे, टाकून द्यावी. पण साल नखानं खरवडली की आत हिरवी असे. मग ऊन वाढलं की तिला डोळे फुटत, आणि बियांची रोपं वीतभरसुद्धा नसताना म्हाताऱ्याला मिरच्या लागलेल्या असत. मिरची बोटभर, टोकाला वाकडी, आणि अशी जहाल की पहिला तुकडा खाल्ल्यावर कुणाच्या तोंडून शब्द फुटत नसे.

बी होतं, पण बियाचा भरवसा नव्हता. शेजारी दुसरी मिरची फुलली की इकडचे पराग तिकडे जात, आणि पुढच्या पिढीत काय निघेल ते सांगता येत नसे. धाकटीकडे, म्हणजे चष्मेवाल्याच्या बहिणीकडे, एका वर्षी निघालेली मिरची तिच्या नवऱ्यासारखी, या घरच्या जावयासारखी होती, दिसायला भरदार आणि चवीला काही नाही. हा विनोद चष्मेवाल्याचा, आणि दर उन्हाळ्यात तो जावयाच्या देखतच करत असे.

म्हणून म्हातारा महत्त्वाचा. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनी जमायचं, आपापली रोपं आणून दाखवायची, आईनं म्हाताऱ्याची पहिली मिरची कापायची, सगळ्यांनी एकेक तुकडा खायचा आणि मग येत्या हिवाळ्यात म्हातारा कुणाकडे राहणार ते आईनं सांगायचं. भाऊ आणि बहीण, दोघंच हक्कदार. पण ज्याचं नाव निघत नसे ते दुसऱ्याला वर्षभर पाण्यात पाहत असे. म्हाताऱ्याला कोण सांभाळणार यावरून या घरात जेवढी तोंडं वाजली, त्यातलं एकही कधी म्हातारीला कोण सांभाळणार यावरून वाजलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पाळी चष्मेवाल्याची होती. वडिलांची पद्धत त्याला मागासलेली वाटली. झाडाला थंडीत उपाशी ठेवायचं म्हणजे काय? त्यानं ते छाटलंच नाही. मागच्या खोलीत हीटरजवळ मांडणी ठोकली, वर दिवे टांगले, खताच्या बाटल्या आणल्या आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी स्वतःच्या हातानं पाणी घातलं. इतकी माया त्यानं स्वतःच्या बायकोवरही केली नव्हती, हे बायकोनं एकदा बोलून दाखवलं. पानं चिकट झाली, मावा पडला, मग साबणाचं पाणी फवारलं, मग आणखी खत, मग आणखी पाणी. एके दिवशी खोलीत घाण वास यायला लागला. मुळं कुजली होती. चष्मेवाल्यानं साल खरवडून बघितली, खाली बघितली, वर बघितली. सगळीकडे तपकिरी.

तरी दर रविवारी तो आईला फोन करून सांगत राहिला, "म्हातारा मजेत आहे गं." आईही तिकडून म्हणे, "मीही मजेत आहे." दोन मिनिटांत फोन संपे.

वसंतात त्यानं एका नर्सरीतून बोटभर मिरच्या लागणारं एक रोप आणलं आणि म्हाताऱ्याच्या जुन्या कुंडीत बसवलं. त्याच्या फांदीला अडकवलेली नावाची पट्टी त्यानं न वाचताच केरात टाकली. बायकोनं ती काढून वाचली. 'शोभेची जात. चव अगदी सौम्य.' तिनं ती पुन्हा केरात टाकली, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. लग्न टिकवायच्या तिच्या ज्या काही युक्त्या होत्या, त्यातली ही मुख्य.

*

म्हातारा गेला, हे आईला दारातूनच कळलं.

खऱ्या म्हाताऱ्याचं खोड अंगठ्याएवढं जाड होतं, गाठीगाठींचं, नवऱ्याच्या कात्रीच्या खुणा अंगावर वागवणारं. हे समोरचं कार्टं सडसडीत, पानं तुकतुकीत, आणि बुडाला जखमेवर बांधल्यासारखं फडकं. तिला वाईट वाटलं. एरवी तिनं चपला काढायच्या आतच पोराची सालटी काढली असती. पण आज ती स्वतःच एक गोष्ट मनात धरून आली होती, आणि दोन भांडणं एका दिवशी झेपणार नव्हती. ती कोचावर बसली.

"कसा दिसतोय?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"तरुण दिसतोय," आई म्हणाली.

त्यानं ते कौतुक समजून घेतलं.

हिवाळ्यात तिला ताप आला होता. ताप उतरला, पण वास गेला. मग चवही गेली. वाटलं, येईल हळूहळू. एकदा रागारागानं तिनं लाल तिखट चमचाभर जिभेवर टाकून बघितलं, तर माती खाल्ल्यासारखं वाटलं. त्याचंही तिला विशेष नव्हतं, या वयात जेवणाचं कौतुक कुणाला? पण एका दुपारी दूध गॅसवर ठेवून ती वाचत बसली. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस तसाच चालू राहिला, आणि शेजारीण दार बडवायला लागली तेव्हा ही शांतपणे पान उलटत होती. डॉक्टर म्हणाला, अशा तापात क्वचित तिखटाचं झोंबणंही जातं; काहींचं परत येतं, काहींचं नाही. मग त्यानं विचारलं, एकट्या राहता का? ती म्हणाली, नाही.

तेव्हापासून तिला भीती वाटत होती. अंथरुणावर पडलं की गॅसचं बटण डोळ्यांपुढे येई. उठून बघून येई, पडे, पुन्हा उठे. हल्ली तर शेगडी पेटवणंच तिनं जवळजवळ सोडलं होतं आणि गार पावावर दिवस ढकलत होती. तिला दोघांपैकी एकाकडे राहायला यायचं होतं. अडचण एवढीच, की नवरा गेला त्या दिवशी ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, मी कुणाच्या दारात राहायला येणार नाही, आणि मला कुणी बोलावूही नका. आईची एक आज्ञा मुलांनी आयुष्यात तंतोतंत पाळली असेल तर ती हीच.

मागायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं. पण कुणी विचारलं तर सांगायला हरकत नव्हती. म्हाताऱ्याच्या पहिल्या तुकड्याला तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं आणि उचकी लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आज ती कोरड्या डोळ्यांनी चावून खाणार होती. हे झाड खोटं असलं म्हणून काय झालं, मिरची ती मिरचीच. कुणीतरी विचारेलच, आई, तुला तिखट लागत नाही का? पोटची दोन मुलं आहेत. एक तरी विचारेल.

सुनेनं चहा आणला. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा आणि या घरात आला की बंद पडलेल्या लिफ्टसारखा दोन माणसांच्या मध्ये कुठंतरी अडकून राहायचा. त्यानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. धाकटीनं घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं. चष्मेवाला गळपट्टी सारखी करण्यात गुंतला होता. आईनं कप संपवला.

"चहा बरा झालाय," ती म्हणाली.

धाकटीनं आईकडे बघितलं. मग सगळे कप भराभर गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेली.

*

"अगं बाई," वहिनी दुधाची पिशवी हुंगत म्हणाली, "दूध आंबलंय. कुणी प्यायलं नाही ना?"

"नाही," धाकटी म्हणाली, आणि आईचा रिकामा कप आधी विसळला.

धाकटी दातांची डॉक्टर. दिवसभर ती लोकांना तोंड उघडायला सांगते. आंबट चहा तोंड न वाकडं करता प्यायचा याचा अर्थ तिला कळत नव्हता असं मुळीच नाही. आई सभ्यपणानं प्यायली असेल, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पण आई आणि सभ्यपणा ही जोडी तिलाही पटेना. मग तिनं विचारच सोडून दिला, कारण तो पुढं कुठं जातो ते तिला दिसत होतं. तो तिच्या घरातल्या जादा खोलीत जात होता, आणि तिथं तिनं नुकतीच जागच्या जागी चालवायची सायकल आणून ठेवली होती. भाऊ लोकांना दिसायला लावतो आणि त्याला स्वतःला दिसत नाही. बहीण लोकांची तोंडं उघडते आणि स्वतःचं मिटून घेते. वडिलांनी शिकवलं, पण वाया गेलं.

"तुला एक सांगू?" वहिनी दार लोटून म्हणाली. एवढ्या वर्षांत या दोघींमध्ये कुजबूज करण्याइतकं सख्य कधी झालं नव्हतं.

"सांग."

"म्हातारा मेला."

"काय सांगतेस?"

"जानेवारीतच मेला. पाणी पाजून पाजून मारला तुझ्या दादानं. ते बाहेर आहे ते नर्सरीतलं. शोभेचं. फिकं."

धाकटीचा चेहरा असा उजळला की वहिनीला क्षणभर पस्तावल्यासारखं झालं.

"आणि तू मला का सांगतेस?"

"कारण मला माझी खोली परत हवी आहे. कुंड्या, दिवे, खतं, सगळं. तू म्हण, या वर्षी मी सांभाळते. आई तुलाच देतील. तू घेऊन जा, थंडीत वारला म्हण, सुटलो सगळे."

"म्हणजे दादानं मारायचा आणि खापर माझ्यावर?"

"तुझं काय जातंय? तू बाहेर बोलू नकोस म्हणजे झालं."

"नाही बोलत," धाकटी म्हणाली. तिनं मनात तेव्हाच ठरवलं, की दादानं तोंडात तुकडा टाकला रे टाकला, की सगळ्यांसमोर बोलायचं.

*

आधी रोपांची पाहणी झाली. धाकटीनं आणलेली रोपं बुटकी, जाड, गर्द हिरवी होती. बी कोमट पाण्यात भिजवून, ओल्या कागदात गुंडाळून उगवून घेतलं, असं ती म्हणाली. उगवून घेतलं होतं जावयानं, एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्रखोलीत, कारण तिथं मोटारीची ऊब बारा महिने असते. डोक्यावर बियांची टरफलं अडकलेले ते वाकडे अंकुर त्यानं स्वतः चिमटीत धरून ट्रेमध्ये लावले होते. पण त्याचं नाव निघालं नाही, आणि त्यानंही काढलं नाही.

चष्मेवाल्याची रोपं उंच, पांढुरकी आणि एकमेकांच्या खांद्यावर मान टाकलेली होती.

"याला उजेड पुरला नाही," आई म्हणाली.

"आई, खास दिवे आहेत वर."

"मग अक्कल पुरली नसेल."

जावई हसला आणि लगेच खोकला. आईनं सुरी मागितली. सुनेनं फळी आणि सुरी पुढं ठेवली. चष्मेवाल्यानं कुंडीवरची एक लाल मिरची तोडून आईच्या हातात दिली, आणि लगेच गळपट्टीची गाठ पुन्हा घट्ट करायला वळला. आईला त्याची कीव आली. तिनं मिरचीचे तुकडे केले. पहिला तुकडा रीतीप्रमाणे तिचा.

तिनं तो तोंडात टाकला आणि चावला. सावकाश, दाणा न दाणा. मग गिळला आणि एकेकाकडे बघितलं. डोळे कोरडे ठणठणीत.

कुणी काही विचारलं नाही.

चष्मेवाल्याला वाटलं, मेलो. आता ही म्हणणार, हा म्हातारा नव्हे. धाकटीला वाटलं, आता मजा. सून टेबलावरचा न पडलेला डाग पुसायला लागली.

आई थांबली. आणखी थोडं थांबली. मग स्वतःच म्हणाली, "मला काहीच लागलं नाही."

"काय सांगतेस?" चष्मेवाल्यानं एक तुकडा तोंडात कोंबला आणि लगेच टेबलाला धरून वाकला. "आईशप्पथ, जाळ आहे जाळ. पाणी दे गं." तो हाशहूश करत नाचला. जन्मात त्यानं नाटकात काम केलं नव्हतं आणि ते बरंच झालं होतं.

सूनही तुकडा खाऊन खोकली, जरा उशिरानं. जावयानं खाल्लं, बायकोकडे बघितलं, मेव्हण्याकडे बघितलं, आणि बहुमताच्या बाजूनं ठसका दिला.

आता धाकटीची पाळी. तिनं तुकडा चावला. काकडी. तिनं श्वास घेतला, दादाकडे बघून गोड हसली आणि तोंड उघडलं.

पण त्याआधीच आई बोलली. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना लागतंय. मलाच लागत नाही." तिचा आवाज एकदम हलका झाला होता. ओझं खाली ठेवायला जागा मिळाली होती. "मला वाटलंच होतं. हिवाळ्यात ताप आला ना, त्यात वासही गेला माझा. एकदा गॅस चालू राहिला, तेही कळलं नाही. एकटीनं राहायचं म्हणजे आता..."

ती तिथंच थांबली. पुढचं वाक्य तिनं मुलांसाठी सोडलं होतं.

जावयानं ठसका अर्धाच गिळला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे मागची खोली आली आणि तिच्यात पलंग दिसला. सुनेला पलंगावर सासू दिसली. धाकटीला सायकल दिसली. धाकटीनं उघडलेलं तोंड बंद केलं, कारण आता खरं बोलण्यात काय फायदा आणि खोटं बोलण्यात काय तोटा, याचा तिला पुन्हा विचार करायचा होता. तिला वेळ मिळाला नाही. चष्मेवाला तिच्यापेक्षा चपळ निघाला.

"आई," तो म्हणाला, "मी खोटं बोललो."

"कधी?"

"आत्ता. मिरची फिकी आहे. अगदी पाणी आहे. हा म्हातारा नाहीच गं. मी मारला त्याला, पाणी घालून घालून. हे नर्सरीतलं आहे, बघ." आणि त्यानं स्वतःच्या हातानं गळपट्टी सोडून टाकली. एवढा मोठा गुन्हा इतक्या आनंदानं कबूल करणारा माणूस सहसा बघायला मिळत नाही. "तुला लागलं नाही कारण लागण्यासारखं काही नाहीच त्यात. तुला काही झालेलं नाही."

"शोभेचं आहे, आई," सून घाईनं म्हणाली. "मी पट्टी वाचली होती. सौम्य, असं लिहिलेलं."

"काकडी आहे नुसती," धाकटी म्हणाली. डॉक्टर असल्यामुळं तिच्या शब्दाला या बाबतीत जास्त वजन होतं, आणि ते तिनं पुरेपूर टाकलं. "तुझी जीभ उत्तम आहे. वास काय, सर्दीनं जातो महिना दोन महिने."

"मला तर ती गोडसरच लागली," जावई म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मेव्हण्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

चौघं एकमेकांकडे बघून हसले. मघापर्यंत एकाला दुसऱ्याचं तोंड बघवत नव्हतं, आणि आता सगळे एका दोरीत होते. एवढा एकोपा या घरात वडिलांच्या वेळीही कधी झाला नव्हता.

आई हसली नाही. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, स्वतःची नाही, यांची. तिनं धाकटीकडे बघितलं. "तू मघाशी माझा कप उचललास."

"हो. मग?"

"माझ्याकडे बघितलंस आणि मग उचललास. काय होतं चहात?"

धाकटी फळीवरचे उरलेले तुकडे गोळा करायला लागली.

"दूध आंबलं होतं," सून सावकाश म्हणाली. ती नणंदेकडे वळली. "तू तर म्हणालीस, कुणी प्यायलं नाही."

"मला कसं कळणार कुणी किती प्यायलं ते?"

"तूच विसळलास ना कप."

"वहिनी, तू तर गप्पच बस. पट्टी वाचून महिनोन्‌महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस."

"भांडू नका," आई म्हणाली. "भांडायला पुष्कळ दिवस आहेत. घरात खरी मिरची आहे का काही? म्हाताऱ्याची?"

चष्मेवाला आणि सून, दोघांनी एकदम एकाच कपाटाकडे बघितलं. शरदात तोडलेल्या म्हाताऱ्याच्या मिरच्या बियांसाठी वाळवून बरणीत भरून ठेवल्या होत्या. हिवाळ्यात चष्मेवाल्यानं फक्त या मिरच्यांना हात लावला नव्हता, म्हणून त्या नीट राहिल्या होत्या.

"आण," आई सुनेला म्हणाली.

"आई, नुसती कशी खाल? ती फार..."

"आण म्हटलं ना."

सुनेनं बरणी आणली. झाकण उघडताच जावयाला शिंक आली. आईनं एक मिरची उचलली, वाळून काळपट झालेली, टोकाला वाकडी. देठ खुडला आणि बियांसकट अख्खी तोंडात घातली. कुडूम कुडूम आवाज झाला. बिया दाताखाली फुटत होत्या. नुसत्या धुरळ्यानं धाकटीच्या डोळ्यांना धार लागली, चष्मेवाला नाकाला रुमाल लावून मागं सरला. आई चावत होती. शिळा पाव चावावा तशी, तोंडाची बाजू बदलून बदलून. तिनं गिळलं. मग दुसरी उचलली.

"पुरे," धाकटी म्हणाली. "आई, पुरे. पोटाला त्रास होईल."

"पटलं का?"

"पटलं."

"तुला?"

चष्मेवाल्यानं मान हलवली. आईनं दुसरी मिरची बरणीत परत टाकली आणि झाकण लावलं.

आता कुणी बोलावं, याची ती वाट बघत होती असं सगळ्यांना वाटलं. ती बघत नव्हती. तिनं वाट बघून घेतली होती. मघापर्यंत तिला मागायचं होतं आणि मागायची लाज वाटत होती. आता ही चार तोंडं बघून तिला कळलं की यांच्यापुढं लाजण्यासारखं काहीच नाही.

"मी उद्या इथं राहायला येते," ती चष्मेवाल्याला म्हणाली. "मागची खोली रिकामी कर. दिवे काढ, मांडणी काढ, ते हीटरजवळचं सगळं काढ. मी विचारत नाही, सांगतेय. तुला जड होईल, हिला तुझ्याहून जास्त होईल, ते मला दिसतंय. मलाही होणार आहे." मग धाकटीकडे वळून, "उन्हाळा संपला की तुझ्याकडे. थंडी तुझ्याकडे, उन्हाळा याच्याकडे. सायकल कुठं ठेवायची ते तू बघ."

"सायकलचं तुला कुणी सांगितलं?" धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. जावई छताकडे बघत होता.

"आणि मला फार जपू नका," आई म्हणाली. "जपून काय करता ते बघितलं मी."

पहिली हालचाल सुनेनं केली. तिनं पदर खोचावा तशी बाही सरसावली आणि मागच्या खोलीकडे निघाली. जाता जाता नणंदेला म्हणाली, "चल. पलंग मला एकटीला ओढायचा नाही." धाकटी गेली. जावई स्क्रू काढायला पाठोपाठ गेला, हातात काम आल्यामुळं त्याचा जीव भांड्यात पडला होता. थोड्याच वेळात आतून मांडणी खिळखिळी होण्याचे, दोघी एकमेकींना दोष देण्याचे आवाज यायला लागले.

चष्मेवाला टेबलाशी उभाच राहिला. त्यानं पाणी ओतून आईसमोर ठेवलं. तिनं ग्लास उचलला, पण तो दातांवर वाजला, म्हणून तिनं खाली ठेवून दिला.

"तोंड पोळलं?" त्यानं विचारलं.

"नाही. हात कापतोय."

"कशानं?"

"भीती वाटते रे," आई म्हणाली. "घरी दिवा मालवला की गॅसची भीती वाटते. मला वास कळायचाच नाही, आणि रात्री झोपलेल्या शेजारणीलाही कळायचा नाही. सबंध हिवाळा अशी बसून काढलीय मी."

तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. "दर रविवारी फोन करत होतो मी," तो म्हणाला.

"हो. मी वाट बघायची," आई म्हणाली. "वाटायचं, या रविवारी विचारेल."